रात्री उमलणाऱ्या वेली लावताय? या चुका टाळा

रात्री उमलते म्हणजे तिला ऊन नको, ही समजूत बऱ्याच घरांत असते. मीही मधुमालतीची कुंडी दोन वर्षं उत्तरेच्या गॅलरीत ठेवली होती. पानं हिरवीगार, फूल एकही नाही. गच्चीवर हलवली आणि पुढच्याच उन्हाळ्यात घोस लोंबायला लागले. कळी संध्याकाळी उघडत असली तरी तिचं अन्न पानं दिवसाच तयार करतात. मधुमालती, जाई, जुई, मूनफ्लॉवर (संध्याकाळी मोठी पांढरी फुलं उघडणारी वेल), सगळ्यांना रोज पाच-सहा तास थेट ऊन हवंच.

ऊन भरपूर असूनही फुलं नाहीत? मग बहुतेक तुम्ही खत जास्त घालताय. नत्र वाढलं की वेल माजते, नुसता पाला धरते. मोठ्या कुंडीला वर्षातून दोनदा दोन-दोन मुठी शेणखत पुरतं. शेतातली काळी माती तशीच कुंडीत भरू नका. पावसाळ्यात पाणी धरून मुळं कुजतात. निम्मी वाळू आणि कंपोस्ट मिसळा.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते छाटणीला घाबरणाऱ्यांचं. आपल्या नाशिक जिल्ह्यात द्राक्षाच्या बागेत एप्रिलची खरडछाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी कोणी चुकवत नाही, आणि घरच्या वेलीला मात्र कात्री लावताना हात थरथरतो. जाई, जुई, मधुमालती नव्या फुटीवर फुलतात. न छाटलेली वेल खाली लाकूड होते आणि फुलं शेंड्याला जातात. जाई-जुई डिसेंबर-जानेवारीत जमिनीपासून दीड फुटावर आणा. मधुमालती थंडी ओसरताना छाटा. तिची फुलं पांढरी उमलून गुलाबी, मग लाल होतात. तो रोग नाही.

मूनफ्लॉवरचं बी उगवत नाही अशी तक्रार असते. त्याचं कवच फार टणक. नेलकटरने एका बाजूला जरासं खरवडा, रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, मग पेरा. नाशिकच्या थंडीत पेरू नका. फेब्रुवारी संपताना किंवा जूनच्या तोंडावर पेरा. बी विषारी असतं, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आणि फवारणी. मूनफ्लॉवरची पानं रातोरात कुरतडलेली दिसली, खाली काळ्या लेंड्या पडल्या, तर पाठीवर शेपटीकडे शिंग असलेली जाडजूड अळी शोधा. औषध मारू नका, हाताने उचलून दूरच्या रानवेलीवर सोडा. हीच अळी पुढे करड्या रंगाचा मोठा पतंग होते आणि लांब सोंड घालून याच फुलांतला मध पिते. गॅलरीतला दिवा मालवून अंधार पडताना फुलांजवळ उभं राहा; एका जागी तरंगत मध पिणारा तो पतंग दिसेल.