घरच्या जड यंत्रासाठी पोर्टेबल वेल्डर: आधी वायर, मग मशीन

लोडरच्या बकेटमध्ये पिन बसतो त्या कानाला चीर गेली, म्हणून मी २०० ॲम्पिअरचा इन्व्हर्टर वेल्डर, म्हणजे सॉकेटवर चालणारं हलकं वेल्डिंग मशीन, घेतला. मशीन चांगलं होतं, आजही चांगलं चालतं. पण लोडर उभा होता सॉकेटपासून ३० मीटरवर, आणि मी हाताशी होती ती बारीक एक्स्टेन्शन लावली. रॉड चिकटत राहिला, आर्क (रॉड आणि लोखंडामधली ठिणगीची ज्योत) तुटत राहिला, मी ॲम्पिअर वाढवत राहिलो. वरून वेल्डिंग नीटस दिसलं, पण आत लोखंडात उतरलंच नव्हतं. पहिल्याच भरल्या बकेटला ते पापुद्र्यासारखं सुटलं. त्या वेळी खाली कोणी नव्हतं. म्हणून मशीन बघायला निघण्याआधी व्होल्टेज मोजायचा मीटर घ्या आणि सॉकेटपाशी जा.

हिशेब समजून घ्या. ३.१५ मिमीचा रॉड १३० ॲम्पिअरवर चालवला की आर्कवर २५ व्होल्टच्या आसपास असतात, म्हणजे नुसत्या आर्कमध्येच सव्वातीन किलोवॅट. मशीनचा तोटा आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटचा किती भाग खरं काम करतो ते) धरला तर २३० व्होल्टच्या लाइनमधून २० ते २५ ॲम्पिअर ओढले जातात. १६ ॲम्पिअरच्या सॉकेटचं हे काम नाही. वेगळा पॉइंट, वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवं. आता वायर. १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर ३० मीटर नेली तर जाऊन-येऊन ६० मीटर होते, आणि २५ ॲम्पिअरला तिच्यातच साधारण १८ व्होल्ट जातात. ४ चौरस मिमीमध्ये तेच ७ वर येतं. ॲल्युमिनियमची वायर असेल तर तोटा दीडपटीहून जास्त. लाइन आधीच २०५ असली की बारीक वायरीच्या टोकाला मशीनला १८७ मिळतात, आणि २३० च्या १५ टक्के खालपर्यंत चालणाऱ्या मशीनची हद्द १९५ ला संपते.

आणि हे व्होल्टेज लोडवर, म्हणजे वेल्डिंग चालू असताना, मोजा. मी रिकाम्या सॉकेटवर मोजलं होतं, मीटरने २२८ दाखवले, मी निर्धास्त झालो. करंट वाहत नाही तोवर वायर काहीच खात नाही, त्यामुळे तो आकडा निरुपयोगी आहे. एकाने आर्क चालू ठेवायचा, दुसऱ्याने मशीनच्या टोकाला मीटर धरायचा. मशीन अजून घेतलंच नसेल तर कुणाचं तरी मागून आणा, पण यंत्र जिथे उभं असतं तिथे नेऊन, लोडवर मोजा. एक्स्टेन्शन ड्रमवर गुंडाळलेली ठेवू नका, पूर्ण उलगडा, नाहीतर ती आतल्या आत तापून वितळते. अंतर भरायचंच असेल तर मशीनपासून रॉडच्या होल्डरपर्यंतची (रॉड धरायच्या चिमट्याची) केबल लांबवणं बरं, पण ती ३५ चौरस मिमीची किंवा त्याहून जाड घ्या. जनरेटरवर पूर्ण २०० ॲम्पिअर हवे असतील तर १० केव्हीएच्या खाली जाऊ नका.

एवढं जमलं की मशीन निवडणं सोपं आहे. जड यंत्राला उघड्यावर रॉडचंच मशीन घ्या. गॅसवाल्या मिगचा (रॉडऐवजी तार सोडणारं मशीन) गॅस वारा उडवून नेतो, आणि टिग (नाजूक कामाचं गॅसवालं मशीन) इथे कशाला? डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट देणारं, हवंच. डब्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, ड्यूटी सायकल, म्हणजे मशीन न थांबता किती वेळ चालतं ते, वाचा. २०० ॲम्पिअरला ६० टक्के म्हणजे १० मिनिटांत ६ मिनिटं वेल्डिंग, ४ मिनिटं थंड होणं. ही मोजणी ४० अंश सेल्सिअसला केलेली आहे का, हेही बघा. १२ मिमी जाड प्लेटला हे मशीन पुरतं, फक्त चीर ग्राइंडरने तळापर्यंत उकरून व्ही काढायचा आणि थरावर थर भरायचे. कमी व्होल्टेजवर पहिलाच थर फसतो आणि वरचे सगळे त्यावर उभे राहतात, म्हणून लोडवर मोजा म्हणतोय.

रॉड ७०१८ नंबरचा घ्या, होल्डर मशीनच्या प्लसला लावा. हा रॉड ओलावा धरतो आणि त्यातून हायड्रोजन जोडात जाऊन नंतर तडा देतो, म्हणून बंद डब्यात कोरडा ठेवा. ६०१३ नंबरचा रॉड पत्र्याला ठीक, बकेटच्या कानाला नाही. जाड लोखंड आधी तापवावं लागतं, पण मँगनीज स्टीलचे दात उलट तापू द्यायचे नसतात, तिथे थोडं थोडं वेल्डिंग करून मध्ये थांबत जायचं. कोणतं स्टील आहे ते आधी ठरवा.

अर्थ क्लॅम्प (मशीनच्या दुसऱ्या केबलचा, लोखंडाला लावायचा चिमटा) वेल्डिंगच्या अगदी जवळ, रंग घासून लावा. तो लांब लावला तर करंट बेअरिंग, पिन आणि हायड्रॉलिक सिलेंडरमधून वाट काढतो आणि त्यांना खड्डे पाडतो. बॅटरी काढा, ईसीयूची (इंजिनच्या कंट्रोल कॉम्प्युटरची) जोडणी सोडवा. बकेट जॅकवर नको, ठोकळ्यांवर टेकवा.

वेल्डिंग मुखवट्याची काच १० किंवा ११ नंबरची, कातडी हातमोजे, सुती कपडे. डिझेलची किंवा कसलीही बंद टाकी वेल्ड करू नका, रिकामी असली तरी नाही. गळणारं हायड्रॉलिक तेल आधी पुसा, आग विझवायचं साधन हाताशी ठेवा, संपल्यावर निदान तासभर तिथेच थांबा. स्लॅग (वेल्डिंगवर जमलेली खपली) काढा, चीर पुन्हा बघा. आणि रॉड चिकटायला लागला तर ॲम्पिअर वाढवू नका, आधी मीटर लावा, लोडवर.