साठ सेकंदांत कांदा लाल होत नाही: रील बघून स्वयंपाक शिकताना या चुका टाळा

व्हिडिओत कांदा कढईत पडला, संगीताचा एक ठोका वाजला आणि पुढच्या दृश्यात तो छान तांबूस झालेला होता. माझा कांदा पाच मिनिटांनीही पांढराच. आच कमी पडतेय असं वाटून मी ती मोठी केली, तर बघता बघता कडा काळ्या आणि मधला भाग कच्चा असा दुरंगी कांदा तयार झाला. एकाच घासात कडूही लागत होता आणि उग्रही.

यात माझ्या हाताचा दोष थोडा, संकलनाच्या कात्रीचा जास्त. व्हिडिओ करणाऱ्याने वेळ कापलेला असतो आणि स्वयंपाक नेमका त्या कापलेल्या वेळात होतो. मध्यम आचेवर कांदा मऊ, पारदर्शक व्हायला साधारण ८ ते १० मिनिटं लागतात. तांबूस व्हायला १५ ते २० मिनिटं जातात, आणि गडद, गोड, जॅमसारखा हवा असेल तर मंद आचेवर पाऊण तास धरून चाला.

म्हणून गॅस पेटवण्याआधी व्हिडिओ दोनदा बघा, दुसऱ्यांदा निम्म्या वेगाने. जिथे जिथे दृश्य तुटतं तिथे थांबा आणि मधे किती वेळ गेला असेल याचा अंदाज घ्या. पुरावे मिळतात. पातेल्याच्या आतल्या बाजूला रस्सा आधी कुठवर होता त्याची रेघ राहिलेली असते. ती दोन बोटं वर दिसली तर तेवढं पाणी आटवलेलं आहे. मागच्या खिडकीतला उजेडच बदललेला असेल तर विचारूच नका. हा हेरगिरीचा भाग मला स्वयंपाकापेक्षा जास्त आवडायला लागला होता, ते सोडा.

फोन बघत बघत रांधणं

लसूण तेलात पडली आहे, पुढे काय घालायचं ते आठवत नाही, बोटं तेलकट, स्क्रीन काळी झालेली. ती उघडेपर्यंत व्हिडिओ संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. बारीक चिरलेली लसूण गरम तेलात अर्ध्या मिनिटात करपू शकते आणि तिचा कडवटपणा मग कशानेच जात नाही. अशा वेळी तेलासकट टाकून द्या आणि नव्याने सुरू करा. दोन चमचे तेल वाचवायला जाल तर अख्खा पदार्थ जाईल.

जिन्नस आणि क्रम कागदावर लिहून समोर चिकटवा. आच लावण्याआधी सगळं चिरून, मोजून, हाताशी ठेवा. व्हिडिओत छोट्या वाट्यांमधून पटापट पडणारं साहित्य आधी कुणीतरी अर्धा तास बसून चिरलेलं असतं. ‘१५ मिनिटांत तयार’ हे घड्याळ त्यानंतर सुरू होतं.

आवाजाकडे दुर्लक्ष

नवशिक्याचं सगळ्यात मोठं नुकसान पार्श्वसंगीत करतं असं माझं ठाम मत आहे. कढईचा आवाज हा फुकटचा थर्मामीटर आहे. भाजी टाकल्यावर काहीच आवाज नाही म्हणजे भांडं थंड. सतत, एकसारखं चुरचुरतंय म्हणजे पाण्याची वाफ होऊन बाहेर पडतेय, काम नीट चाललंय. चुरचुर हळूहळू विरळ झाली की पाणी संपत आलं, आता रंग भराभर बदलेल, नजर हलवू नका. तडतड आणि धूर असेल तर आच कमी करा किंवा भांडं उचलून बाजूला धरा. शक्य असेल तेव्हा संगीत नसलेले, मूळ आवाज ठेवलेले व्हिडिओ निवडा.

लालसर व्हायच्या ऐवजी पाणी सुटलं

मशरूम असोत, चिकनचे तुकडे असोत की बटाट्याच्या फोडी, तक्रार एकच: ‘त्यांचं खरपूस झालं, माझं शिजून पांढरं पडलं.’ व्हिडिओत पुन्हा बघा, तुकड्यांमध्ये मोकळी जागा दिसेल. आपण मात्र अख्खं पाकीट एकदम ओतलेलं असतं.

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं आणि जोवर तुकड्यांच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान त्याच्या फारसं वर जात नाही. खरपूस रंग आणि वास ज्या प्रक्रियेतून येतो ती मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे खरा वेग घेते. लुई कामीय माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला माइयार अभिक्रिया म्हणतात. गर्दी केली की सुटलेली वाफ तुकड्यांखाली अडकते आणि परतण्याऐवजी उकडणं सुरू होतं.

पाणी सुटलंच असेल तर झाकण काढा, अर्धे तुकडे ताटात काढून घ्या, आच वाढवा, पाणी आटू द्या, मग उरलेले दुसऱ्या खेपेला परता. पुढच्या वेळी तुकडे आधी कोरडे पुसा आणि टाकल्यावर मिनिट-दोन मिनिटं हात लावू नका. सारखं ढवळत राहण्याची खोड व्हिडिओंनीच लावली आहे. कॅमेऱ्याला हालचाल लागते, बटाट्याला नाही.

स्टीलच्या तव्यावर अंडं सरकताना बघून भुललेल्यांसाठी: रिकामा तवा तापवून पाण्याचा थेंब टाका. थेंब चुर्र करून उडून गेला तर अजून वेळ आहे. पाऱ्यासारखा गोळा होऊन पळू लागला की तवा तापला. आता आच कमी करा, तेल घाला, मग अंडं. नॉनस्टिकवर हा प्रयोग करू नका, रिकामं तापवल्याने त्याचा लेप खराब होतो.

चमचा कुणाचा, कप कुणाचा

मी एकदा केकसाठी ओव्हन लावायला गेलो आणि व्हिडिओतला ३५० हा आकडा माझ्या ओव्हनवर नव्हताच. तो फॅरनहाइटमध्ये होता; सेल्सिअसमध्ये साधारण १७५ ते १८०. नशीब, माझा ओव्हन २५० लाच संपत होता, नाहीतर मी ३५० लावलेच असते.

मापाचा छोटा चमचा ५ मिलिलिटरचा, मोठा १५ चा (ऑस्ट्रेलियात २०), अमेरिकी कप साधारण २४० चा आणि मेट्रिक कप २५० चा. रस्सा-भाजीत एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. केक-पावात बिघडतं. तिथे कपापेक्षा वजन बरं, कारण एकच कप मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅमच्या आसपास आणि दाबून भरला तर १५० च्या घरात जातो. वजनाचा काटा नसेल तर केकचे व्हिडिओ सध्या नुसते बघा.

‘चवीनुसार मीठ’ म्हणजे किती?

ज्याला अजून चवच कळत नाही त्याला चवीनुसार सांगून काय उपयोग? सुरुवातीसाठी एक अंदाज धरा: तयार पदार्थ एक किलो होणार असेल तर १० ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचे सपाट दीड ते पावणेदोन छोटे चमचे. आधी त्यातलं दोन तृतीयांश घाला, उरलेलं शेवटी, चाखून. व्हिडिओतला माणूस मूठभर जाडं मीठ भिरकावतो ते बघून बारीक मीठ तेवढंच घालू नका. जाड्या मिठाच्या खड्यांमध्ये हवा असते, त्यामुळे तेवढ्याच चमच्यात वजनाने ते कमी भरतं.

खारट झालं तर कच्चा बटाटा टाका, हा सल्ला दर आठवड्याला नव्याने फिरतो. बटाटा खारट पाणी शोषतो. मीठ तेवढं वेचून घेत नाही. उरलेला रस्सा तितकाच खारट राहतो, फक्त कमी होतो. खरा उपाय म्हणजे बिनमिठाचं काहीतरी वाढवणं: पाणी, भाजी, शिजवलेला भात, टोमॅटो. थोडं आंबट घातलं तर खारटपणा जरा झाकला जातो, पण तो झाकलेलाच असतो.

तळाला लागलं तर मात्र ढवळू नका, खरवडू नका. वरचं हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढा, जळका थर तिथेच राहू द्या.

इथे प्रयोग नकोत

काही ‘हॅक’ नुसते फसत नाहीत, घातक ठरतात. सालीसकट अंडं मायक्रोवेव्हमध्ये उकडू नका. आत वाफ कोंडते आणि बाहेर काढल्यावरही ते फुटू शकतं. कच्चं चिकन नळाखाली धुतल्याने जंतू जात नाहीत, उडालेल्या थेंबांबरोबर ओट्यावर पसरतात. ते शिजवूनच मरतात, आणि त्यासाठी तुकड्याच्या मधोमध ७४ अंश सेल्सिअस गाठावं लागतं. राजमा न उकळता थेट स्लो कुकरमध्ये टाकायचे व्हिडिओ दिसले तर पुढे सरका. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, आणि मंद उष्णतेने ते नष्ट होत नाही. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात खळखळ उकळा. १० मिनिटं तर हवीतच, अर्धा तास उत्तम.

तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नका. गॅस बंद करून वर घट्ट झाकण ठेवा आणि भांडं हलवू नका. हे वाचून सोडून देऊ नका, कढईवर बसणारं झाकण कुठे आहे ते आजच बघून ठेवा.

साठवलेले दोनशे व्हिडिओ

रोज नवा पदार्थ करून बघितला तर दर वेळी पहिलीच वेळ असते. त्यापेक्षा एकच पदार्थ आठवड्यात तीनदा करा आणि व्हिडिओत नसलेली माहिती स्वतः लिहा: आपल्या शेगडीवर, आपल्या भांड्यात किती मिनिटं लागली, वास कधी बदलला, झाकण कधी काढलं. माझ्या ओट्यावर चिकटवलेल्या तेलकट कागदावर एक ओळ आहे: ‘कांदे ३, रुंद कढई, मधली आच, १७ मिनिटं, बाराव्या मिनिटापासून हलायचं नाही.’ तो व्हिडिओ मी कधीच पुसून टाकला.