सोंगणीच्या हंगामात मजुरांचा ताप : शेतमालकांनो, या चुका टाळा

विदर्भात शेतमजुराच्या सुरक्षेचा विषय निघाला की फवारणीचे किट आठवते. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीतून विषबाधा होऊन माणसे गेली, तेव्हापासून मास्क, चष्मा, हातमोजे हे शब्द वावरापर्यंत पोहोचले. चांगलेच झाले. मात्र धुऱ्यावरचे (बांधावरचे) गवत, कोठ्यातली (गोठ्यातली) व्यालेल्या जनावराची ओली वार आणि धानाच्या बांधीतले पाणी यांतून येणाऱ्या आजारांसाठी आपण मजुराला काय दिले आहे, हे विचारले तर बहुतेक मालक गप्प होतात.

धुऱ्यावर जेवणाची पंगत

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले, काही दगावलेही. त्या वर्षी नाव सगळ्यांच्या तोंडी होते, नंतर विसरले गेले. आजार कुठे गेलेला नाही. चिगर म्हणजे माइट या बारीक किड्याची अळी, डोळ्यांना जवळपास न दिसणारी, उंच गवतात आणि झुडपांत असते. शेतातल्या उंदरांवर ती जगते आणि माणूस गवतात बसला की त्याच्या अंगावर चढून चावते; त्या चाव्यातून हा ताप येतो. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत जोर असतो, म्हणजे नेमका सोयाबीनची सोंगणी, कापसाची पहिली वेचणी आणि काटोल-नरखेडकडे आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोडणी सुरू असतानाचा काळ.

आता दुपारी काय होते ते आठवा. मजूर धुऱ्यावरच्या गवतात डबा उघडतात, तिथेच पाठ टेकतात, घामाचा सदरा झुडपावर वाळत घालतात. तिन्ही गोष्टी टाळायच्या आहेत आणि त्याला खर्च फारसा नाही. जेवायला ताडपत्री द्या, बसायची जागा आधी साफ करून ठेवा. चाऱ्यासाठी धुरा कापणाऱ्याला पूर्ण बाह्यांचा सदरा, पायजमा मोज्यात खोचलेला आणि बूट हवेत. डास पळवणारे डीटचे मलम घोट्यांना आणि मनगटांना लावले तरी फरक पडतो. काम संपले की साबणाने घासून आंघोळ आणि कपडे बदलणे. बाहेरगावच्या मजुरांना वावरातच उतरवले असेल तर त्या आंघोळीचे पाणी आणि आडोसा ही मालकाची जबाबदारी आहे.

डॉक्टरांना काम न सांगणे

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. ताप आला, गावातल्या दवाखान्यात सुई-सलाईन झाली, दोन दिवस बरे वाटले, पुन्हा ताप. प्लेटलेट कमी दिसल्या की ‘डेंग्यू’ म्हणून मोकळे. स्क्रब टायफसमध्येही प्लेटलेट उतरतात. आणि नेहमीची पेनिसिलिन गटातली औषधे या जंतूवर चालत नाहीत. डॉक्सीसायक्लिन चालते, गरोदर बाईला अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात. वेळेत सुरू केले तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू यांपर्यंत जाते. (म्हणून मालकाने गोळ्यांचे पाकीट आणून स्वतः वाटू नये. निदान डॉक्टरांनीच करायचे.)

मजुरासोबत जाणाऱ्याने एवढे सांगावे: हा गवतात काम करत होता, ताप अमुक दिवसापासून आहे. चावलेल्या जागी कधीकधी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली येते. ती दुखत नाही, आणि काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली लपते. त्यामुळे मजूर दाखवत नाही, डॉक्टर पाहत नाही. बाईमाणसाच्या बाबतीत तर आवर्जून नर्सला पाहायला सांगा. गावात जमत नसेल तर नागपूरचे मेडिकल, मेयो किंवा एम्स रुग्णालय गाठा.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. चावल्यापासून ताप यायला ६ ते २१ दिवस लागतात. तोवर छिंदवाड्याकडून आलेली टोळी हिशेब घेऊन परत गेलेली असते, आणि तिथल्या डॉक्टरला नागपूरचे गवत माहीत नसते. ठेकेदाराचा नंबर ठेवा, पंधरा दिवसांनी एक फोन करा.

हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. तापलेल्या मजुराला खोलीबाहेर काढणे निव्वळ अन्याय आहे.

गाय गाभडली, गड्याने हाताने ओढले

ब्रुसेलोसिस असलेली गाय किंवा शेळी गाभडते, आणि ते गर्भाचे पाणी, वार, मेलेले वासरू यांत जंतू भरलेले असतात. आपल्याकडे सालदार ते उघड्या हाताने उचलून उकिरड्यावर टाकतो, कुत्री ओढत नेतात. माणसाला मग येऊन-जाऊन ताप, रात्री घाम, कंबर आणि सांधे धरणे असे महिनोनमहिने चालते. त्यावर दोन औषधे मिळून किमान सहा आठवडे घ्यावी लागतात.

कोपरापर्यंतचे हातमोजे कोठ्यात टांगलेले असावेत, कपाटात नव्हे. अडकलेली वार पशुवैद्यक काढेल. गाभडलेले सगळे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. गरोदर बाईला त्या कामाला लावू नका. दूध उकळूनच. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात एकदाच लस दिली जाते. ही लस जिवंत जंतूंची असल्याने सुई स्वतःला टोचली तरी धोका, म्हणून घरच्या गड्याकडून टोचून घेऊ नका.

धानाच्या बांधीत लेप्टोस्पायरोसिसची भीती असते: उंदरांची लघवी पाण्यात, आणि मजुराच्या पायाला चीर. गमबूट द्या, जखम असलेल्याला कोरड्या कामावर ठेवा. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल, नंतर कावीळ अशी चिन्हे दिसली तर थांबू नका.

कोंबड्या मेल्या, बोभाटा नको

नागपूरजवळ बर्ड फ्लू ही ऐकीव गोष्ट नाही. गोरेवाड्याच्या बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या डिसेंबर २०२४ मध्ये त्याच विषाणूने दगावले. शेडमध्ये अचानक मर झाली की मेलेल्या कोंबड्या मजुराकडून गुपचूप पुरून घेणे किंवा नाल्यात फेकणे हा मालकाचा पहिला विचार असतो. २००९ च्या पशुरोग प्रतिबंधक कायद्याने अशी मर कळवणे मालकावर बंधनकारक आहे. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. तोवर शेडमध्ये मास्क-मोज्याशिवाय कुणी जाऊ नये.

रोजी बुडेल म्हणून तापातला मजूर कामावर येणारच. दोन दिवसांची निम्मी रोजी दिली तर तो दवाखान्यात जातो, आणि शेतमालकाला ते परवडते. कायद्याची बाजूही आहे: जनावरे किंवा त्यांची कलेवरे हाताळताना जडलेला संसर्ग १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजार म्हणून होता; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. प्रत्येक शेतमजूर जुन्या कायद्यात आपोआप बसत नव्हता, पण ट्रॅक्टर किंवा विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी होणारी शेती त्याच्या यादीत होती. तेव्हा कोणी, कोणत्या तारखेला, कोठ्यात की वावरात काम केले याची वही आजच सुरू करा. दवाखान्यातही तीच वही कामी येते.