भरतीची तयारी अर्ध्यात सुटू नये म्हणून

लातूर, नांदेड, परभणीकडं घरची शेती सांभाळून पोलीस भरतीचं ग्राऊंड करणारी पोरं-पोरी गावोगाव दिसतात. त्यांची तयारी आळसापेक्षा ठरलेल्या अडचणींमुळं जास्त सुटते. रात्रीची लाईट असली की पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जावं लागतं, सोयाबीनची काढणी येते, उन्हाळ्यात लग्नं निघतात. अडचणी दरवर्षीच्याच, पण त्या आल्यावर नेमकं काय करायचं हे आधी ठरलेलं नसतं.

सुरुवात आकड्यानं करा. ‘जमेल तेवढं पळीन’ यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड ध्येय माणसाला जास्त पुढं नेतं, हे मानसशास्त्रज्ञ लॉक आणि लॅथम यांनी अनेक प्रयोगांतून दाखवलं. भरतीतल्या 1600 मीटर धावण्याला आज साडेसहा मिनिटं लागत असतील, तर सहा आठवड्यांत 6 मिनिटं 10 सेकंद असं लिहा. मुलींनी हेच 800 मीटरसाठी करावं.

मग पाच मिनिटं शांत बसा. ते ध्येय गाठल्यावर काय वाटेल ते डोळ्यांसमोर आणा आणि लगेच स्वतःची सगळ्यात मोठी अडचण आठवा. क्रम हाच ठेवा. गॅब्रिएले एटिंगन यांच्या संशोधनानुसार नुसतं अंगावर वर्दी आल्याचं चित्र मनात रंगवत बसलं तर मनाला काम झाल्यासारखं वाटतं आणि जोर ओसरतो.

आता त्या अडचणीवर एक जर-तर वाक्य लिहा. सगळ्यात जास्त वेळ इथंच द्या. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी ही पद्धत मांडली. 2006 साली 94 अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही तिचा परिणाम चांगला दिसला. कारण सोपं आहे: ‘जर’ समोर आला की विचार करत बसावं लागत नाही, ‘तर’ आपोआप आठवतो.

‘जर’ डोळ्यांना दिसणारा किंवा कानांना ऐकू येणारा हवा. लाईटची पाळी आठवड्याला बदलते, म्हणून ‘पहाटे पाचला’ हे वाक्य टिकत नाही. ‘रात्री दारं धरून आलो, तर झोपून उठल्यावर चहाआधी बूट घालीन’ हे टिकतं. ‘कंटाळा आला तर जोमानं करीन’ यात करायची कृतीच नाही. ‘मोबाईल बघणार नाही’ असंही लिहू नका, त्यानं मोबाईलच आठवतो. ‘अभ्यासिकेत बसलो, तर मोबाईल बंद करून दप्तरात ठेवीन’ असं लिहा. सुरुवातीला दोनच वाक्यं पुरेत. दहा लिहिली तर एकही लक्षात राहत नाही.

21 दिवसांत सवय लागते हे खरं धरू नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. बिघडतं ते ‘आता आठवडा गेलाच’ म्हणून पुढचे दिवस सोडल्यानं. त्यासाठी दुसरं वाक्य राखून ठेवा: ‘काल चुकलं, तर आज निदान दहा मिनिटं पळीन.’

दर आठवडी बाजाराच्या दिवशी वही उघडा. एकच वाक्य दोनदा फसलं असेल तर स्वतःला दोष देण्याआधी ‘जर’ बदला. एप्रिल-मेच्या उन्हात तो हमखास बदलावा लागतो, कारण सकाळी उशीर झाला की मैदान तापलेलं असतं. त्या दिवसांसाठी संध्याकाळचा ‘जर’ वेगळा लिहून ठेवा.