दरीतील एका दिवसाची गट-भटकंती: नियोजनात या चुका टाळा

डोंगर चढणाऱ्या गटाला दमल्यानंतर फक्त उतरायचे असते, पण दरीत उतरणाऱ्या गटाचे गणित नेमके उलटे असते. सकाळच्या गारव्यात, गप्पांच्या नादात उतार सहज सरतो आणि उरलेली चढण भर उन्हात, थकल्या पायांनी चढावी लागते. नियोजनातील बहुतेक चुका या उलट्या गणिताकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे एकूण अंतराला सरासरी वेगाने भागून वेळ काढणे. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नैस्मिथ यांनी १८९२ मध्ये सुचवलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढणीला आणखी एक तास. मात्र हा हिशेब न थांबता चालणाऱ्या, सराव असलेल्या माणसाचा आहे. नवखी मंडळी असलेल्या गटाने उतरण्याच्या दुप्पट वेळ चढण्यासाठी राखून ठेवावा. सकाळी सहाला निघून बाराच्या आत कड्यावर परतायचे असेल, तर आठ वाजता जिथे असाल तिथून मागे फिरावे लागते, मग धबधबा दहा मिनिटांवर का असेना. मागे फिरण्याची ही वेळ निघण्यापूर्वीच सर्वांना सांगावी. ऐनवेळी सांगितल्यास वाद होतो आणि वादात उत्साही माणसाचाच आवाज मोठा असतो.

कड्यावरचे तापमान पाहून तयारी करणे ही दुसरी चूक. कोरडी हवा दर शंभर मीटर उतरताना साधारण एक अंशाने तापते, शिवाय उन्हाने तापलेले कातळ वेगळेच. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमध्ये दक्षिण कड्यापासून नदीपर्यंतचा उतार सुमारे चौदाशे मीटर आहे; तिथले उद्यान प्रशासन कड्यावरून नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परतू नये, तसेच उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत चालू नये, असे बजावते. पाणी प्रत्येकाने आपापल्या सॅकमध्ये वाहावे, कारण गट विखुरला की सामाईक साठा नेमका नको त्या ठिकाणी असतो. नुसते पाणी पीत राहिल्यासही रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते, म्हणून सोबत खारट खाणे हवेच.

आपल्या डोक्यावरचे आकाश निरभ्र आहे, एवढ्यावर विसंबून अरुंद घळीत शिरू नये. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अॅरिझोनातील अँटिलोप कॅन्यनमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात ११ जणांचा मृत्यू झाला. तो पाऊस कित्येक किलोमीटर वर, प्रवाहाच्या पाणलोट क्षेत्रात पडला होता. त्यामुळे हवामानाचा अंदाज संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा पाहावा. पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या वाहत येऊ लागल्या किंवा वरच्या अंगाने घरघर ऐकू आली, तर प्रवाहाच्या दिशेने पळण्याऐवजी सामान सोडून ताबडतोब उंच जागी चढावे.

परवाना, गटातील माणसांची कमाल संख्या आणि फाटक बंद होण्याची वेळ हे सारे आधी विचारून घ्यावे. त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

गट चालवताना मात्र एक चूक हमखास होते. पुढचे लोक थांबून विश्रांती घेतात आणि मागे पडलेला माणूस पोहोचताच सगळे उठतात. ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज असते, त्यालाच ती कधी मिळत नाही. सर्वांत सावकाश चालणाऱ्याला वाट दाखवणाऱ्याच्या लगेच मागे ठेवावे, सर्वांत शेवटी अनुभवी व्यक्ती असावी आणि प्रत्येक फाट्यावर माणसे मोजावीत.

खोल दरीत मोबाइलला नेटवर्क मिळेलच असे नाही आणि उपग्रहावर चालणाऱ्या उपकरणांनाही मोकळे आकाश लागते. म्हणून मार्ग, परतण्याची वेळ आणि त्या वेळेनंतर कोणाला फोन करायचा, हे लिहून घरच्या कोणाकडे तरी द्यावे. प्रत्येकाकडे शिट्टी असावी; मिनिटभरात सहा वेळा शिट्टी, मग मिनिटभर शांतता, हा मदतीचा रूढ संकेत आहे.

एवढे करूनही उशीर झालाच, तर वेग वाढवून वेळ भरून काढू नये. लोंढ्याचा धोका नसलेल्या जागी सावलीत बसावे, ऊन उतरू द्यावे आणि मग हेडटॉर्च लावून सावकाश चढावे. त्यासाठी एका दिवसाच्या भटकंतीतही प्रत्येकाच्या सॅकमध्ये हेडटॉर्च असावा लागतो.