बेदाणा शेडचं काम रखडलं, तेव्हा मी काय केलं

तासगावजवळच्या आमच्या बेदाणा शेडचं, म्हणजे द्राक्षं वाळवून बेदाणा करायच्या शेडचं काम एका फॅब्रिकेटरला (लोखंडी सांगाडा उभारणाऱ्याला) दिलं होतं. करार स्टॅम्प पेपरवर, मुदत जानेवारीअखेर, निम्मे पैसे आगाऊ. फेब्रुवारी उजाडला तरी नुसते खांब उभे. रॅक नाहीत, जाळी नाही. माल काढणीला आला की थांबत नाही, हे ठाऊक असूनही तो फोन उचलेना.

वकिलांनी आठवड्याची मुदत देऊन रजिस्टर्ड नोटीस धाडली. त्यात एक वाक्य मुद्दाम घातलं: उशिराचं काम स्वीकारलं तरी भरपाईचा हक्क आम्ही सोडत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५५ नुसार हे स्वीकारतानाच कळवावं लागतं, नाहीतर उशिराची भरपाई बुडते. हे प्रत्येक बागायतदाराला माहीत असायलाच हवं.

तो आलाच नाही. मग दुसऱ्याकडून शेड पुरं करून घेतलं. हातावर हात धरून बसून वाढलेलं नुकसान कलम ७३ खाली मिळत नाही. जादा लागलेला खर्च मात्र मागता येतो. म्हणून अर्धवट शेडचे फोटो, बिलं, व्हॉट्सअॅपचे निरोप सगळं जपलं. करारात उशिरासाठी लिहिलेला रोजचा दंड आपोआप मिळत नाही. कलम ७४ प्रमाणे त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी तेवढाच.

दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, पण आम्ही आधी सांगलीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचा, अर्ज दिला. लोकअदालतीत तडजोड झाली. तिच्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं (निकालाच्या आदेशाचं) बळ असतं आणि त्यावर अपील नाही. दोन हप्त्यांत पैसे आले.