लेकीचा सासरी छळ होत असेल, तर माहेराने काय करावे

जीव धोक्यात असेल तर हा लेख बाजूला ठेवून ११२ वर फोन करावा. शेजारच्यांनी केला तरी चालतो. हिंसाचाराची माहिती कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला, देऊ शकते आणि ती सद्‌भावनेने दिली असेल, तर देणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही, असे घरगुती हिंसाचार कायदा, २००५ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे.

माराचे व्रण असतील तर त्याच दिवशी पुण्यात ससून रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. डॉक्टर विचारतील तेव्हा लेकीने खरे सांगावे. केसपेपरवर 'घरात पडली' असे लिहिले गेले की पुढे ते पुसता येत नाही. आधार कार्ड, पासबुक, मुलांचे दाखले, दागिन्यांच्या पावत्या आणि लग्नातले दागिने दिसतील असे फोटो एकत्र ठेवावेत.

आता दोन्ही घरांच्या बैठकीविषयी. माहेरचे लोक अडतात ते इथेच. लेकीने तोंड उघडले की घरात दोन मते पडतात. भाऊ म्हणतो, 'जाऊन त्याला धडा शिकवतो', आणि मामा-काका म्हणतात, 'चार माणसे बसवू, कोर्टकचेरी नको.' दोन्ही सल्ले प्रेमापोटीच दिलेले असतात आणि दोन्ही लेकीचे नुकसान करतात. भावाने जावयाची कॉलर धरली की संध्याकाळपर्यंत त्याच्यावर उलट तक्रार दाखल होते, आणि मग बहिणीवरचा अन्याय राहतो बाजूला व घरातले सगळे भावाच्या जामिनाच्या मागे लागतात.

बैठकीचे नुकसान उशिरा कळते. चहा होतो, सासरे हात जोडतात, आणि नोटरीकडून पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर 'यापुढे त्रास देणार नाही' असे लिहून घेतले जाते. तो कागद जपून जरूर ठेवावा, कारण पुरावा म्हणून त्याचा उपयोग होऊ शकतो. पण तो मोडला म्हणून पोलीस कोणाला अटक करत नाहीत. याउलट न्यायदंडाधिकाऱ्यांनी याच कायद्याखाली दिलेला संरक्षण आदेश, म्हणजे छळ करण्यास मनाई करणारा आदेश, मोडणे हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, व त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून माझे ठाम मत असे आहे की न्यायदंडाधिकाऱ्यांकडे लेकीचा अर्ज दाखल होण्यापूर्वी बैठक घेऊच नये. समेटाची इच्छा खरीच असेल तर ती नंतरही टिकते. या कायद्याच्या कलम १४ नुसार न्यायालय स्वतःच दोघांना समुपदेशनासाठी पाठवू शकते, आणि तिथे बोलणे होते तेव्हा लेकीच्या पाठीशी आदेशाचे बळ असते.

याचा अर्थ माहेराने हात झटकावेत असा मुळीच नाही. कायदा रात्री दार उघडत नाही, तारखेच्या दिवशी मुलांना सांभाळत नाही आणि रिक्षाचे पैसेही देत नाही. हे सगळे घरच्यांनीच करायचे असते. मात्र अर्ज तिचा असतो. संरक्षण अधिकारी घटना अहवाल लिहून घेत असताना वडिलांनी मध्ये उत्तर देऊ नये. 'वारंवार छळ केला' हे वाक्य निरुपयोगी आहे. कोणत्या दिवशी, कोणी, कशाने मारले आणि तेव्हा घरात कोण होते, हे तिच्याच तोंडून यावे. हुंडा मागितला नसेल तर तो अर्जात घालू नये. घरच्यांनी वाढवून सांगितलेली एक गोष्ट उलटतपासणीत खोटी ठरली, की दहा खऱ्या गोष्टींवरही संशय घेतला जातो.

पुण्यात पोलिसांच्या भरोसा सेलकडे, म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या कक्षाकडे, जाता येते, तसेच संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १२ चा अर्ज करता येतो. लेक माहेरी येऊन राहिली असेल तर माहेरच्या हद्दीतही तो चालतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे; स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्जातच कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता, आदेश मागावा, कारण निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा सांगत असला तरी तारखा पुढे जातात.

'ती घर सोडून आली, आता तिचा हक्क गेला' हे सासरचे बोलणे मनावर घेऊ नये. घर सासऱ्यांच्या नावावर असले, तरी सामाईक घरात, म्हणजे ती संसार करत होती त्या घरात, राहण्याचा तिचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केला आहे. तिथे परत राहायचे की नाही हे तिने ठरवावे. स्त्रीधन परत देण्याचा आदेशही याच अर्जात मागता येतो.

आदेशाची प्रत विनामूल्य मिळते. ती लेकीजवळ, माहेरी आणि विश्वासाच्या शेजाऱ्यांकडे ठेवावी. संरक्षण आदेश मोडला गेला तर पुन्हा चार माणसे जमवू नयेत. प्रत घेऊन त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जावे आणि कलम ३१ खाली तक्रार द्यावी.